चार मीटर चालून दाखवा, आजी

मी फिजिओथेरपिस्ट आहे. पुण्याच्या आसपासच्या आणि काही साताऱ्याकडच्या वृद्धाश्रमांमध्ये जाऊन तिथल्या आजी-आजोबांची फ्रेल्टी तपासायची, हे माझ्या कामांपैकी एक. फ्रेल्टी म्हणजे नुसतं म्हातारपण नव्हे आणि एखादा ठरावीक आजारही नव्हे. वरवर सगळं बरं चाललेलं असतं, पण अंगातली शिल्लक संपत आलेली असते. मग दोन दिवसांचे जुलाब, एखादी नवी गोळी, रात्री लागलेली एक ठेच, एवढंही पुरतं. माणूस अंथरूण धरतो आणि उठला तरी आधीच्यासारखा उठत नाही. हे वेळेत कळलं तर करण्यासारखं बरंच असतं, म्हणून मोजायचं. माझ्या पिशवीत मोजपट्टी, स्टॉपवॉच, हाताची पकड मोजायचं यंत्र, बीपीचं यंत्र आणि छापील फॉर्म असतात. त्या फॉर्मच्या रकान्यांत जे मावलं नाही, ते इथे लिहिते आहे.

१. तपासणी म्हटली की माणसं परीक्षेला बसतात, मग वय ऐंशी असो की नव्वद. चालण्याचा वेग मोजण्यासाठी मी चार मीटर आखते आणि सांगते, “रोजच्यासारखं चाला.” चार मीटरला पाच सेकंदांपेक्षा जास्त लागले, म्हणजे वेग सेकंदाला ०.८ मीटरच्या खाली गेला, तर काळजीचं. आशियाई तज्ज्ञांच्या गटाने २०१९ मध्ये ही रेषा आणखी वर नेऊन एक मीटरवर ठेवली. एका आश्रमात एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. त्या इस्त्रीची साडी नेसून, केसांत मोगरा माळून आल्या आणि माझ्या हातातल्या घड्याळाकडे बघत म्हणाल्या, “लाव वेळ.” अशा चालल्या की मलाच बाजूला व्हावं लागलं. तासाभराने जेवणाची घंटा झाली. त्याच बाई व्हरांड्यातून भिंतीला हात लावत, प्रत्येक दाराशी क्षणभर टेकत जेवणघराकडे निघाल्या होत्या.

खरं कुठलं, असा प्रश्न मला तेव्हा पडला. आता वाटतं, दोन्ही खरं. मन लावलं तर किती जमतं हे एक, आणि रोज प्रत्यक्षात किती होतं हे दुसरं. दोन्हींमध्ये जेवढं अंतर, तेवढी माझ्या कामाला जागा. तेव्हापासून मी जेवणाच्या आधी व्हरांड्यात एका कोपऱ्यात बसते. जुन्या इमारतींत मोझेकच्या दहा इंची फरशा असतात. सोळा फरशा म्हणजे जवळपास चार मीटर. कुणाला न सांगता फरशा मोजता येतात.

२. प्रश्न विचारण्याआधी तो प्रश्न कुठे जन्मला ते बघावं. फ्रेल्टीची सर्वांत जास्त वापरली जाणारी व्याख्या लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये अमेरिकेत मांडली. तिचे पाच निकष आहेत: वजन आपोआप घटणं, सतत थकवा, कमजोर पकड, मंद चाल आणि हालचाल कमी होणं. तीन किंवा जास्त लागू पडले की फ्रेल, एक-दोन असतील तर उंबरठ्यावर. काम अत्यंत चोख आहे, पण ते पासष्टीच्या पुढच्या, आपापल्या घरांत राहणाऱ्या अमेरिकन मंडळींवर केलेलं. त्यामुळे हालचालीच्या प्रश्नावलीत हिरवळ कापता का, पानं गोळा करता का, गोल्फ खेळता का, असं सगळं येतं. सिंहगड रस्त्यापलीकडच्या एका आश्रमात पहिल्यांदा ही यादी मनातल्या मनात वाचताना मला हसू आवरेना. समोर बसलेल्या आजी गवार मोडत होत्या. दहा-बारा जणींच्या हातांनी रोज भाजी निवडली जाते, शेंगा सोलल्या जातात, देवासाठी फुलवाती होतात. हे सगळं कुठल्या रकान्यात लिहायचं?

दुसऱ्या एका प्रश्नावलीतला जिन्याचा प्रश्न तर त्याहून गमतीचा. ‘न थांबता एक मजला चढता का?’ आश्रम बैठा. जिना नाहीच. “चढत असेन,” एक काका म्हणाले, “नसेन असं कशाला म्हणू?” सेंट लुईसच्या जॉन मॉर्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे खास अशा निवासांसाठी वेगळी प्रश्नावली केली, २०१५ च्या सुमाराची. तिच्यात पलंगावरून उठून खुर्चीत बसता येतं का, कपडे घालायला मदत लागते का, लघवीवर ताबा आहे का, असे प्रश्न आहेत. ती मला जवळची वाटते. तिच्या जोडीला मी आपली शेंगांची टोपली ठेवते. टोपली कोण ओढून घेतं, आणि कोण नुसतं तिच्यासमोर बसून राहतं, ते दिसतं.

३. वजन किती उतरलं हे वजनकाट्यापेक्षा बांगड्या आधी सांगतात. वर्षभरात साडेचार किलोंच्या वर वजन आपोआप गेलं का, असा प्रश्न आहे. पण वर्षापूर्वीचं वजन कुणाकडे लिहिलेलं असतं? काटा बहुतेक वेळा कपाटावर, खोक्यात, सेल संपलेल्या अवस्थेत असतो. मग मी मनगटं बघते. मनगटाशी बसणारी बांगडी कोपरापर्यंत सरकते का. अंगठी घसरू नये म्हणून आतून दोरा गुंडाळलाय का. ब्लाउजला दोन्ही बाजूंनी नव्या टिपा आहेत का. आजोबांच्या पट्ट्याला खिळ्याने पाडलेलं जास्तीचं भोक. कवळी बोलताना टकटक वाजते का, कारण हिरड्या आक्रसल्या की कवळी सैल होते, कवळी सैल झाली की चावता येत नाही, आणि चावता येत नाही की वजन आणखी उतरतं. एका आजींनी अंगठीचा दोरा मला कौतुकाने दाखवला: “बघ, सोनाराकडे न जाता काम झालं.” दोऱ्याचे तीन वेगवेगळे रंग होते. मी त्या दिवशी फॉर्मवर ‘वजनात घट: होय’ लिहून टाकलं.

काटा आता दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी खाली निघतो, एवढी मजल मारली आहे.

४. सगळ्यांची सगळी कामं आश्रम करत असेल, तर कोण काय करू शकतं हे दिसायचं कसं? हे कोडं मला अजून पुरतं सुटलेलं नाही. कॅनडातल्या हॅलिफॅक्सच्या केनेथ रॉकवूड यांच्या गटाने २००५ मध्ये फ्रेल्टीची एक श्रेणी केली. आधी सात पायऱ्या होत्या, आता नऊ आहेत. एक म्हणजे ठणठणीत, नऊ म्हणजे आयुष्याच्या अगदी अखेरीला आलेला. यंत्र नको, नुसती नीट चौकशी करून पायरी ठरवायची. पाचवी पायरी म्हणजे बँकेचे व्यवहार, प्रवास, घरातली जड कामं, औषधं सांभाळणं यांत मदत लागते. सहावीला आंघोळीतही. आता आश्रमात बघा. बँक मुलगा बघतो, औषधं ऑफिसमधून येतात, झाडलोट बाई करतात, बाहेर जायचं तर गेटवर वहीत सही लागते. कागदावर सगळेच पाचव्या पायरीवर. त्यांतला एक माणूस गेल्या महिन्यात आला असेल आणि अजून मनातल्या मनात विजेची बिलं भरत असेल, हे त्या पायरीला कळत नाही.

कळतं ते देखभाल करणाऱ्या मावश्यांना. ज्या दिवशी तपासतो त्या दिवसापेक्षा दोन आठवड्यांपूर्वी माणूस कसा होता हे बघावं, असं ही श्रेणी सांगते, आणि दोन आठवड्यांपूर्वीचं मावशीइतकं कुणालाच आठवत नाही. “आजोबा आता डोक्यातून घालायचा सदरा मागत नाहीत, बटणांचा मागतात.” म्हणजे हात खांद्याच्या वर जाईनासा झाला. “बादली पुढे सरकवावी लागते.” “नळ बंद करायला हाक मारतात, आधी नव्हते मारत.” “दोन नंबरच्या आजी ताटात भाकरी ठेवतात, म्हणतात भूक नाही, पण कुस्करून दिली की खातात.” रात्रपाळीच्या मावशींना तर कोण किती वेळा लघवीला उठतं, उठताना कशाला धरतं, हे तोंडपाठ असतं. त्या लिहीत नाहीत आणि त्यांना कुणी विचारत नाही. डॉक्टरांच्या राउंडला त्या खोलीबाहेर उभ्या राहतात. मी आता पहिला अर्धा तास स्वयंपाकघरामागच्या ओट्यावर त्यांच्याबरोबर चहा घेते. फॉर्म पुष्कळसा तिथेच भरून होतो.

५. काही आकडे माणसाचे नसतात, फर्निचरचे असतात. हात छातीशी घडी घालून खुर्चीतून पाच वेळा उठायचं आणि बसायचं, अशी एक चाचणी आहे. बारा सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पायांत ताकद कमी, असं आशियाई निकष सांगतात. एका आजींना जेवणघरातल्या लाकडी खुर्चीतून हे सहज जमलं. दिवाणखान्यातल्या सोफ्यातून एकदाही उठता आलं नाही. सोफा कुणाच्या तरी नव्या फ्लॅटमध्ये मावला नाही म्हणून देणगीत आलेला. बसलं की माणूस त्यात गडप होतो. त्या आजी दुपारभर त्या सोफ्यावर बसून असायच्या आणि ‘उठायला दोन माणसं लागतात’ अशी त्यांची नोंद होती. सोफा मागच्या खोलीत गेला, लाकडी खुर्ची आली, आणि त्या दोन माणसांना दुसरं काम मिळालं. माझ्या उपचारांत इतक्या झटपट गुण क्वचितच येतो, तोही देणगीदार दुखावणार नाही ना या काळजीत.

६. पकडीच्या यंत्राने माझ्या गंभीर कामाची सर्कस केली. पुरुषांना २८ किलोंच्या खाली आणि बायकांना १८ च्या खाली आकडा आला की पकड कमजोर. सूचना साधी: कपडे पिळता तसं पिळा. पण पुरुषांच्या दालनात यंत्र काढायचा अवकाश, सगळे रांगेत. एक जुने गिरणी कामगार, एक तालमीतले, एक आयुष्यभर फायली चाळलेले मंत्रालयातले कारकून. कारकून जिंकले. मग गहजब. “यंत्र बिघडलंय.” “डाव्या हाताचं धरा.” “सकाळी चहा झाला नव्हता.” एरवी आपापल्या पलंगावर छताकडे बघत पडून राहणारी माणसं अर्धा तास भांडत होती. एका सहकाऱ्याने हळूच विचारलं, “थकव्याचा निकष आता विचारू का?”

बायकांकडे वेगळंच. आयुष्यभर भाकऱ्या थापलेल्या एका आजींचा आकडा फार कमी आला. पण त्यांनी पिळलंच नव्हतं. अंगठ्याच्या मुळाशी इतकं दुखत होतं की यंत्र नुसतं हातात धरून त्या माझ्याकडे बघून हसत राहिल्या. पाहुणीला नाही कसं म्हणायचं म्हणून. अशा वेळी मी आकड्यापुढे ‘अंगठा’ एवढंच लिहिते.

७. “पडलात का?” या प्रश्नाला आश्रमात खरं उत्तर मिळणं कठीण, आणि त्यामागचं कारण समजल्यावर मला काही दिवस हा प्रश्न विचारणंच अवघड झालं. एका काकांच्या कपाळावर पट्टी होती. “काय झालं?” “दाढी करताना कापलं.” कपाळावर! कोपराला हिरवंनिळं झालेलं असतं आणि कारण असतं डास. शेजारच्या पलंगावरून लगेच साक्ष येते: “नाही नाही, त्या कुठल्या पडतायत!”

कारण प्रवेशअर्जात आहे. कितीतरी वृद्धाश्रम ‘स्वतःची कामं स्वतः करू शकणाऱ्यांनाच’ घेतात. त्यांचंही खोटं नाही. परिचारिका नाही, रात्री एक मावशी, आडवं झालेल्या माणसाला वळवायला हात नाहीत. पण प्रवेश घेतला तेव्हा बहात्तर असलेला माणूस आज ऐंशीच्या पुढे गेलेला असतो, आणि अट मात्र तीच. पडलो हे कळलं तर मुलांना फोन जाईल. मुलाचं घर म्हणजे दोन खोल्या, नाहीतर मुलगा न्यू जर्सीत. मग ‘दुसरीकडे सोय बघा’. इथे निदान खिडकीजवळची खाट आहे, पत्ते खेळायला चौघं आहेत. मी पिशवी घेऊन दारातून आत येते ती सगळ्यांच्या दृष्टीने खाट ठेवायची की काढायची हे ठरवणारी बाई असते. एवढं ध्यानात आल्यावर मोगरा माळून आलेल्या मुख्याध्यापिकांचाही मी वेगळा विचार करू लागले.

आणि ही लपवालपवी कशी चालते ते बघण्यासारखं आहे. एका खोलीत दोघी राहतात. एकीला मोतीबिंदूनंतरही नीट दिसत नाही, दुसरीला कमी ऐकू येतं आणि हात कापतात. पहिली दुसरीच्या परकराची नाडी बांधते, दुसरी पहिलीचं ताट वाचून दाखवते: “डावीकडे लोणचं, त्याच्यापुढे कोशिंबीर.” पाण्याची बाटली एक उचलते, झाकण दुसरी उघडते. बाथरूमला दोघी मिळून जातात, एक दाराबाहेर उभी राहून बडबडत राहते, आतून उत्तर येईनासं झालं तर कळावं म्हणून. वेगवेगळं तपासलं तर दोघीही सहाव्या पायरीवर. एकत्र धरल्या तर मी चार म्हणेन. फॉर्म मात्र माणशी एक. ‘सहावी’ असा अहवाल गेला असता तर एकीला तळमजल्यावरच्या काळजी विभागात हलवलं असतं, आणि दुसरी आठवड्याभरात आठवीवर आली असती, असं माझं मत आहे. ते सिद्ध करायची मला इच्छा नाही.

म्हणून आता सगळ्यांना सुरुवातीलाच सांगते, हा कागद तपासणाऱ्या डॉक्टरांकडे जाणार, ऑफिसात नाही. ऑफिसला फक्त यादी जाणार, कुठे कठडा हवा, कुठला पलंग उंच हवा, नावांशिवाय. तरीही काही जण नको म्हणतात. एक काका सगळं शांतपणे ऐकून म्हणाले, “तुझ्यावर विश्वास आहे गं. कागदावर नाही.” मी ‘नकार’ लिहिलं आणि त्यांच्याबरोबर रमीचा एक डाव खेळले. पत्ते वाटताना त्यांचा हात, पत्ते लावतानाची नजर, डावाचं भान, सगळं समोर होतं. लिहिलं नाही.

८. ‘भ्रमिष्ट’ ठरलेल्यांचे आधी कान बघावेत. एका आजोबांना काही विचारलं की भलतंच उत्तर यायचं. दोन्ही कानांत मळाचे बोळे होते. घड्याळ काढायच्या चाचणीचंही तसंच. वर्तुळात आकडे घालून अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा, असं सांगायचं. कधी शाळेत न गेलेल्या एका आजींनी नुसतं वर्तुळ काढलं आणि पेन्सिल परत दिली. “अकरा म्हणजे कुकरची शिट्टी. ती कशी काढू?” त्यांच्यासाठी मी दुसरे प्रश्न विचारले. कुणाची मुलगी कुठल्या गावी दिली, हे त्यांना अख्ख्या आश्रमाचं पाठ होतं.

९. पायांची ताकद तपासायला गेलं आणि गोळ्यांच्या डब्याशी येऊन थांबलं, असं फार वेळा होतं. सत्तर किलो वजन होतं तेव्हा सुरू झालेली बीपीची गोळी अठ्ठेचाळीस किलोंवरही तेवढीच चालू असते. एक हृदयाचे डॉक्टर, एक हाडांचे, एक मुलाच्या ओळखीचे, प्रत्येकाचा कागद वेगळ्या पाकिटात. म्हणून मी सगळ्यांचं बीपी आधी आडवं असताना आणि मग उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत पुन्हा बघते. वरचा आकडा वीसने किंवा खालचा दहाने उतरला, की पडण्याचं कारण पायांत नसून डब्यात असू शकतं. मार्क बिअर्स यांची वृद्धांनी शक्यतो टाळावीत अशा औषधांची यादी प्रसिद्ध आहे. ती १९९१ मध्ये पहिल्यांदा झाली तीच मुळी अमेरिकेतल्या नर्सिंग होममधल्या लोकांसाठी. झोपेच्या काही गोळ्यांबद्दल ती फार कडक आहे.

झोपेची गोळी कुणासाठी दिली जाते, हा प्रश्न मी सगळ्यांसमोर विचारत नाही. रात्री एक मावशी आणि वीस खाटा असल्या की सगळे झोपलेले बरे, हे मलाही कळतं. गोळी बंद करणं माझं काम नाही. मी डॉक्टरांना फोन करते. काही ऐकतात. काही म्हणतात, “वर्षानुवर्षं चालू आहे, आता कशाला?”

१०. आश्रमात उपाशी कुणी नसतं, आणि तरी स्नायू उपाशी असतात. जेवण संध्याकाळी साडेसहा-सातला, नाश्ता सकाळी आठला. मधले तेरा तास काही नाही. ताटात मऊ भात, पातळ वरण, उकडलेली भाजी. चावायला सोपं, पचायला सोपं. म्हातारपणी रोज किलोमागे एक ते १.२ ग्रॅम प्रथिनं हवीत असं तज्ज्ञ म्हणतात. पन्नास किलोंच्या आजींना पन्नास-साठ ग्रॅम. वाटीभर पातळ वरणातून चार-पाच ग्रॅम मिळाली तरी खूप.

मग अन्नदान. वाढदिवस, वर्षश्राद्ध, लग्नाचा पन्नासावा वाढदिवस, आणि पितृपक्षात तर तारखा मिळत नाहीत. लोक मनापासून येतात, हाताने वाढतात, वाकून नमस्कार करतात. आणि आणतात काय, तर गुलाबजाम, जिलबी, शिरा, श्रीखंड-पुरी. श्रीखंडाला निदान दुधाचा आधार. मधुमेही आजोबा डोळे मिटून तिसरा गुलाबजाम घेतात, त्यांना अडवायची माझी हिंमत नाही. मी एकदा देणगीच्या वहीशेजारी कागद लावला: दूध, ताक, पनीर, शेंगदाण्याची चिक्की नको तर कूट, खाणाऱ्यांसाठी अंडी. दोन महिन्यांत एका कुटुंबाने दूध दिलं. बाकीच्यांचं म्हणणं, बाबांच्या नावाने दूध काय द्यायचं, बाबांना जिलबी आवडायची.

आजींचे उपास हा स्वतंत्र विषय. एकादशी, चतुर्थी, सोमवार, श्रावण. साबुदाण्याची खिचडी आणि राजगिऱ्याचा लाडू. राजगिऱ्यावर आणि शेंगदाण्याच्या आमटीवर मी भर देते, कारण उपास सोडा असं सांगून आजवर कुणी सोडलेला मला माहीत नाही.

११. नव्वदीतही स्नायू वाढतात, हे वाचून माहीत असणं वेगळं आणि समोर बघणं वेगळं. बोस्टनच्या एका निवासातल्या नव्वदीच्या दहा दुबळ्या रहिवाशांना मारिया फियाटारोन यांनी आठ आठवडे पायांचे वजनी व्यायाम दिले. पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. हे १९९० चं काम आहे, म्हणजे जुनी बातमी. व्यायाम थांबवल्यावर चार आठवड्यांत ताकद तिसऱ्या हिश्श्याने उतरली, हा त्याच अभ्यासातला भाग मात्र कमी सांगितला जातो.

आमच्याकडे वजनं नाहीत. संध्याकाळच्या आरतीआधी सगळ्यांनी खुर्चीतून दहा वेळा उठायचं आणि बसायचं, एवढंच ठरवलं. आरतीला उभं राहायचंच असतं, मग आधी थोडं जास्त. सुरुवातीला सर्वांत मोठा विरोध व्यवस्थापकांचा. “पडल्या तर जबाबदार कोण?” हा प्रश्न पोकळ नाही. नातेवाईक महिनोन्महिने फिरकत नाहीत, पण हाड मोडलं की वकिलाला घेऊन येतात, असं त्यांनी पाहिलं आहे. म्हणून चालता येणाऱ्यालाही चाकाच्या खुर्चीत बसवलं जातं. दहा-पंधरा जणांना आठच्या आत तयार करायचं असलं की बटणं लावायला पाच मिनिटं घेणाऱ्या आजोबांची बटणं मावशी अर्ध्या मिनिटात लावून टाकतात. प्रेमाने, गालाला हात लावून. सहा महिन्यांनी आजोबांना बटणं लावता येत नाहीत आणि माझ्या फॉर्मवर एक गुण वाढतो. तो गुण नेमका कुणाचा, हे ठरवायला मला अजून जमलेलं नाही.

म्हणून फॉर्मवर मी हाताने एक जास्तीचा रकाना आखते. आंघोळ, कपडे, चालणं, जेवण यांपुढे तीन पर्याय: स्वतः करतात, मदत लागते, करू दिलं जात नाही. तिसऱ्या पर्यायावर इतक्या खुणा होतील असं मला वाटलं नव्हतं. गेल्या वेळी त्या रकान्याची बेरीज नावांशिवाय मी विश्वस्तांच्या बैठकीत ठेवली. विश्वस्त समंजस. न्हाणीघरांतल्या कठड्यांना तिथेच मंजुरी मिळाली, दोन पलंगांखाली ठोकळेही लागले. सकाळच्या कामाला आणखी एक मावशी आणि रात्री नऊला पेलाभर दूध हे दोन विषय पुढच्या बैठकीच्या पत्रिकेवर आहेत, देणग्यांच्या हिशेबानंतर.